मदत हवी आहे: चिलर कपाटात गुदमरतोय, गॅलरीत हलवू का?

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. हॉलमध्ये तीन फुटी प्लांटेड टँक (जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची काचपेटी) आहे. माती-दगड वजा जाता साधारण 165 लिटर पाणी, आत निऑन टेट्रा मासे आणि क्रिस्टल रेड श्रिंप (छोटी शोभेची कोळंबी). मागच्या मे महिन्यात पाणी 32 अंशांवर गेलं आणि आठवड्याभरात निम्मी श्रिंप गेली. म्हणून यंदा जीव मोठा करून 1/10 एचपीचा चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) घेतला.

दुकानदार म्हणाला, "टँकखालच्या कपाटात ठेवा, दिसणारही नाही." ठेवला. दार लावलं की अर्धा तास झकास चालतो, मग कपाटाची भट्टी होते. पाणी 28 च्या खाली येत नाही आणि शेवटी कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो. दार उघडं ठेवलं की पाणी 25 पर्यंत उतरतं, पण मग हॉल तापतो. घरचे म्हणतात, मासे गारव्यात आणि माणसं घामात!

कपाटाच्या पाठीला सुताराकडून एक-एक इंचाची आठ भोकं पाडून घेतली, काडीचा फरक नाही. टँकमागच्या भिंतीपलीकडे गॅलरी आहे, पाइप सात फूट लागेल. पण ती पश्चिमेची, आणि एप्रिल-मेमध्ये सासूबाईंच्या कुरडयांच्या ताब्यात असते. काय करू?

तारमास्तर:
ताई, चिलर बिघडलेला नाही. तो उष्णता संपवत नाही, फक्त इकडची तिकडे टाकतो. समजा त्याने पाण्यातून 200 वॅट ओढले आणि प्लगमधून 150 घेतले, तर जाळीतून 350 वॅट बाहेर पडणार. बंद कपाटात जुने 100 वॅटचे साडेतीन बल्ब लावल्यासारखं झालं. तीच गरम हवा तो परत आत ओढतो, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो. वारंवार ट्रिप होऊ देऊ नका, आयुष्य कमी होतं.

एक-एक इंचाच्या भोकांनी काय होणार? अगरबत्ती लावून चिलरभोवती फिरवा. धूर कुठे आत जातो, कुठे बाहेर फेकला जातो ते दिसेल. फेकणाऱ्या जाळीसमोर तेवढंच मोठं भोक कपाटाला हवं, आणि आत येणाऱ्या गार हवेसाठी खाली वेगळी वाट. दोन्हींच्या मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा करून बघा. जमला तर मग प्लायचा करा. अर्थात हॉल तापायचा तो तापेलच.

गोदाकाठ:
मी उलट विचारतो, चिलर लागतोच का? नाशिकचा उन्हाळा कोरडा. झाकण काढा, पाण्यावर तिरका पंखा सोडा. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात तुमचं 165 लिटर पाणी सुमारे साडेतीन अंश उतरतं. मी टेट्रा आणि गप्पी अशीच सांभाळतो. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचंच पाणी घाला. क्षार मागे राहतात, नळाचं घालत गेलात तर साचत जातील. मात्र जूनमध्ये हवा दमट झाली की पंखा जवळपास निकामी.

मूळ प्रश्नकर्ती:
गोदाकाठ, पंखा गेल्या वर्षी लावला होता. म्हणून तर 32 वर थांबलं! शिवाय टेट्रा उड्या मारतात, दोन फरशीवर सापडले. श्रिंपला 24 च्या आसपास पाहिजे, तेव्हा चिलर राहणार. तारमास्तर, अगरबत्तीचा प्रयोग केला. धूर मागून बाहेर पडून सरळ बाजूच्या जाळीत परत शिरत होता!

तारमास्तर:
मग गॅलरीच. पण उघड्यावर नको. दुपारी तीननंतरचं ऊन थेट लागलं तर कपाटाइतकीच पंचाईत. वरून-पश्चिमेकडून आडोसा हवा, पण चारही बाजूंनी पेटी करू नका, तेच कपाट पुन्हा होईल. जाळ्यांसमोर निदान एक फूट मोकळं ठेवा. जमिनीपासून विटांवर उचला, पावसाचे शिंतोडे आणि धूळ दोन्ही वाचतील. जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा. पाइपवर एसीवाले लावतात ती काळी फोमची नळी चढवा, नाहीतर गार केलेलं पाणी वाटेतच तापेल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. जोडणी अर्थिंगच्या सॉकेटवरच, आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही. हलवताना आडवा करू नका. केलाच तर उभा ठेवून काही तास थांबा, मग चालू करा.

मूळ प्रश्नकर्ती:
एसीचं जुनं भोक भिंतीत आहेच, ते वापरते. सासूबाईंशी तह झाला: चिलर उत्तरेच्या कोपऱ्यात, कुरडया दक्षिणेला. त्यांचा आता प्रश्न असा की गरम हवा कुरडयांकडे वळवता येईल का? माझा प्रश्न वेगळा. कॅनिस्टर फिल्टरचं (टँकबाहेरच्या डबा-फिल्टरचं) पाणीच चिलरमधून जातं. सात फूट जायचं, सात फूट यायचं, वर चार कोपरे. प्रवाह कमी पडेल का? फिल्टरवर ताशी 1000 लिटर लिहिलंय.

तारमास्तर:
छापलेला आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. परतीच्या पाइपखाली बादली धरून एक मिनिट मोजा. जे लिटर येतील त्यांना 60 ने गुणा आणि चिलरच्या पुस्तिकेतल्या किमान प्रवाहाशी ताडून बघा. कमी भरला तर कोपऱ्यांऐवजी पाइप मोठ्या वळणाने न्या.

मूळ प्रश्नकर्ती:
मिनिटाला 9 लिटर आले, म्हणजे 540. पुस्तिकेत किमान 500. हे आत्ताच्या छोट्या पाइपवर! रविवारी लांब पाइप टाकून परत मोजते आणि इथे कळवते.