मदत हवी आहे: ट्वीन ८० वाढवलं की डायक्लोफेनॅकचा फ्लक्स घटतोय

नमस्कार मंडळी,

मुंबईत एम. फार्म. करतेय, विषय फार्मास्युटिक्स. डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन या वेदनाशामकाच्या कार्बोपोल जेलमध्ये ट्वीन ८० (साबणासारखं पण सौम्य सर्फॅक्टंट) घातलं तर औषध त्वचेतून जास्त जातं का, हा प्रोजेक्ट. फ्रान्झ सेल (वर जेल, मध्ये पडदा, खाली द्रव असं उपकरण), खाली ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, मध्ये डायलिसिस मेम्ब्रेन. कॉलेजात तेवढंच मिळतं.

ट्वीन वाढेल तसा फ्लक्स (ठरावीक वेळात पडद्यातून पार जाणारं औषध) वाढायला हवा ना? उलटंच होतंय. ०.५ टक्क्याला साध्या जेलपेक्षा थोडा कमी, २ टक्क्यांना आणखी कमी, ५ टक्क्यांना तर आलेख जवळजवळ आडवा. मेम्ब्रेनखालचे बुडबुडे तपासले, यूव्हीवर औषध मोजताना नुसत्या ट्वीनचा आकडा (ब्लँक) वजा केला, तरी तेच. गाइड सर म्हणतात जेल घट्ट झालं असेल, पण व्हिस्कोमीटरवर ट्वीनवाली जेलं उलट पातळ दिसतायत.

लॅबमधला एक जण म्हणतोय, ट्वीन सोड आणि एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट, जास्त कडक सर्फॅक्टंट) घाल, आकडा वर जाईल. माझं मन धजत नाही. ज्यांना गोळ्या पोटाला सोसत नाहीत अशी वयस्क माणसं हे जेल गुडघ्यांना रोज चोळणार, आणि त्यांची कातडी मुळातच नाजूक असते. मी काय बदलू?

प्रतिसाद (ठाणेकर):

तुमचे आकडे बरोबर आहेत, टाकून देऊ नका. ट्वीन ८० ची सीएमसी (ज्या प्रमाणापुढे त्याचे रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे गोळे बनवतात) पाण्यात साधारण ०.००१५ टक्के, म्हणजे ०.५ टक्क्यालाच तुम्ही तिच्या शेकडो पट वर आहात. औषध मायसेलांत जाऊन बसतं आणि मोकळे रेणू कमी होतात. पडदा ओलांडतात ते मोकळेच, कारण मायसेल डायलिसिस मेम्ब्रेनच्या छिद्रांतून जाण्याइतकं लहान नसतं. जेवढं ट्वीन जास्त, तेवढी औषधाची पडद्यापार जायची ओढ कमी.

दुसरं म्हणजे तो पडदा नुसता सेल्युलोजचा आहे. खरा अडथळा स्ट्रेटम कॉर्नियमचा, म्हणजे कातडीच्या सर्वांत वरच्या थराचा, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, पण त्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचे थर. सर्फॅक्टंट हे लिपिडचे थर विस्कटतो म्हणून वाट मोकळी होते. जिथे लिपिडच नाही तिथे तो विस्कटणार काय? तुम्हाला फक्त तोट्याची बाजू दिसतेय.

एसएलएसबद्दल तुम्ही म्हणता तेच खरं. तो केराटिनला चिकटून त्याची रचना बिघडवतो, कातडी फुगते. त्वचारोगतज्ज्ञ तर मुद्दाम जळजळ घडवून पाहायच्या चाचण्यांत तोच वापरतात. रोज चोळायच्या जेलमध्ये, आणि तेही केवळ फ्लक्ससाठी, नको.

धागाकर्ती:

खूप आभार! मग बकऱ्याच्या कानाची कातडी घेऊ का? आमच्या भागात खाटकाकडे मुंडी मिळते.

प्रतिसाद (ठाणेकर):

चालेल, पण मुंडी भाजण्याआधीचे कान सांगून ठेवा. केस जाळताना वरचा थरही जातो, मग औषध भसाभस उतरतं आणि श्रेय ट्वीनला मिळतं. देवनारच्या कत्तलखान्याच्या बाजूला सकाळी लवकर गेलात तर न भाजलेले मिळायची शक्यता जास्त. कॉलेजच्या एथिक्स कमिटीला आधी विचारा. प्रत्येक तुकड्याचा विद्युतरोध मोजा, फार कमी असेल तो (त्याचा वरचा थर खराब झालेला असतो) बाजूला ठेवा.

आणि प्रयोग दोन भागांत करा. एकात ट्वीनचं द्रावण कातडीवर ठेवून, पुसून, वर साधंच जेल लावा. यात फरक पडला तर तो कातडीत झालेला बदल. दुसऱ्यात प्रत्येक ट्वीन प्रमाणाला औषधाची विद्राव्यता मोजा आणि तळाशी न विरघळलेलं औषध उरेल इतकं घाला, म्हणजे ओढ सगळीकडे सारखी. रिसेप्टरचं (सेलच्या खालच्या कप्प्याचं) पाणी असं ठेवा की कातडीच्या पृष्ठभागावर ३२ अंश येतील.

धागाकर्ती:

पुसून लावायचा भाग आधी करते, त्याला जेल नव्याने बनवावं लागणार नाही. सरांना डायलिसिसचे आकडेही दाखवते, प्रबंधात ते वेगळ्या प्रकरणात ठेवता येतील. कातडी फ्रीजरमध्ये ठेवली तर चालते का, की त्याच दिवशी वापरायची?

प्रतिसाद (ठाणेकर):

चरबी खरवडून, फॉइलमध्ये सपाट गुंडाळून उणे २० ला ठेवा. एकदा वितळवली की पुन्हा गोठवू नका.