मदत हवी आहे : कणकुंबी भागात छोटा जनरेटर भाड्याने कुठे मिळेल? (तातडीचं)

घाटमाथा
कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा. कणकुंबीच्या पुढं आमच्या वाडीत गेल्या आठवड्यापासून करंट नाही. लाईनवर झाड पडलंय. लाईनमनला फोन केला की ‘पाऊस जरा कमी होऊ दे’ एवढंच ऐकायला मिळतं. फ्रीज चालेल एवढा जनरेटर भाड्याने पाहिजे. खानापूर, जांबोटी, बेळगाव, कुठलाही चालेल. भाडं आणि डिपॉझिट किती तेवढं सांगा. इन्व्हर्टर सुचवू नका.

टिळकवाडीकर
फ्रीज किती लिटरचा? कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो. सगळ्यात लहान मशीन नेलंत तर तिथंच बंद पडेल. आणि गाडी कुठपर्यंत जाते?

निपाणीचा_बॅटरीवाला
इन्व्हर्टर का नको? १५० एएचची बॅटरी आणि वर दोन सोलर पॅनेल टाका, आयुष्यभराची कटकट मिटली. आमच्या शेतातल्या घरी हेच आहे.

मलप्रभाकाठ
दादा, निपाणीचं ऊन वेगळं. कणकुंबीला जुलैत दुपारी दिवा लावावा लागतो. पॅनेल काय खाणार तिथं?

निपाणीचा_बॅटरीवाला
ढगातही थोडं चार्जिंग होतंच की. थोडं म्हणजे शून्य नव्हे.

घाटमाथा
फ्रीज जुना आहे, लिटर माहीत नाही. गाडी नाल्यापर्यंत जाते. साकवावरून पाणी चाललंय, पुढं पायवाट. कृपया भाड्याचं सांगा.

जांबोटी_नाका
अहो, मग जनरेटर नेणार कसा? साकवावर पाणी असताना डोक्यावर लोखंड घेऊन कुणाला उतरवू नका. पाणी गुडघ्याएवढं दिसतं, पण ओढ असली की माणूस उभा राहत नाही. आणि पेट्रोल रोज कोण पोचवणार? फ्रीजमध्ये आहे तरी काय एवढं?

घाटमाथा
आईचं इन्सुलिन आहे. नवीन बाटल्या आहेत, एक चालू आहे. घरी आई-बाबा दोघंच. मी म्हापशाला कामाला आहे, सुट्टी मिळत नाही.

खानापूरची_सिस्टर
भाऊ, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जनरेटरचा नाद सोडा. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या खाली असेल तर फ्रीजबाहेर साधारण २८ दिवस चालतं, बाटली उघडलेली असो की नसो. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात, ते वाचायला सांगा. घाटात या दिवसांत घरात एवढी उष्णता नसतेच. चुलीपासून लांब, अंधाऱ्या खोलीत ठेवा. करंट गेला ती तारीख प्रत्येक नवीन बाटलीवर पेनने लिहा, दिवस तिथून मोजा. चालू बाटलीचे दिवस मात्र ती उघडली त्या तारखेपासून मोजा.

आईंचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ आहे की दुधाळ? स्वच्छ असेल आणि गढूळ झालं तर वापरायचं नाही. दुधाळ असेल तर तळहातांत हळू फिरवून एकसारखं व्हायला पाहिजे. गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण दिसले तर ती बाटली बाजूला.

बापटगल्ली
मातीचा माठ घ्या, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. आमच्या आजीचं औषध असंच टिकायचं.

खानापूरची_सिस्टर
माठ उन्हाळ्यात चांगला. आत्ता हवाच एवढी ओली आहे की फडकं वाळत नाही, मग गारवा कुठून येणार? आणि बाटली थेट पाण्यात बुडवायची नाही, लेबल निघून जातं. कोरड्या डब्यात ठेवली की पुरे.

जास्त काळजी साखर तपासायच्या पट्ट्यांची आहे. दमट हवेने त्या खराब होतात आणि आकडा चुकीचा दाखवतात. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं. पट्ट्या सुट्या काढून दुसऱ्या डबीत ठेवायच्या नाहीत.

सीमाभाग_८६५
आईंचं नाव महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेत घातलंय का? महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आहे. कागदपत्रं काय लागतात ते मी सांगतो.

टिळकवाडीकर
काका, त्यांना आत्ता नाला ओलांडायचाय. योजनेचा वेगळा धागा काढा की.

सीमाभाग_८६५
औषधाचा खर्च हाही प्रश्नच आहे. १९५६ पासून आपल्या माणसांना प्रत्येक गोष्टीसाठी हेच ऐकावं लागतंय, नंतर बघू म्हणून.

रानवेडा
मला वाटतं, भीमगडच्या जंगलातल्या तळेवाडी गावासारखं पुनर्वसन घ्यावं. कुटुंबामागे १५ लाख मिळतात. दर पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांचे हे हाल कशासाठी?

मलप्रभाकाठ
ज्यांची भातशेती, देव, गुरं सगळं तिथं आहे, त्यांना १५ लाखांत खानापुरात काय मिळणार? आणि हा निर्णय त्यांच्या आई-बाबांचा आहे, आपला नव्हे.

जांबोटी_नाका
बाटल्या कमी पडल्या तर आमच्या भागात काय करतात ते सांगतो. नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या झाडांना पाणी कमी असतानाच जाड नायलॉनचा दोर बांधून ठेवतात. त्यावर कप्पी, कप्पीला पत्र्याचा डबा. झाकणावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा ताणून बसवला की आत थेंब जात नाही. अलीकडच्या माणसाने डबा सोडायचा, पलीकडच्याने बारीक दोरीने ओढायचा. माणूस पाण्यात उतरत नाही. औषधं, चहापूड, माचिस, सगळं असंच जातं. तुमच्याकडं दोर आहे का, आणि नाल्याच्या अलीकडं ओळखीचं घर कुणाचं?

घाटमाथा
दोर आहे, गेल्या वर्षीचा. अलीकडं आमच्या मामांचं घर आहे. शेजारचा पोरगा रोज सकाळी गवत कापायला काठापर्यंत येतो.

जांबोटी_नाका
मग झालंच की. गेल्या वर्षीचा दोर असेल तर आधी दगड भरलेला डबा सोडून बघा, कुजला असेल तर तुटेल. औषध खानापूरच्या मेडिकलमधून कणकुंबीच्या बसने मामांकडे पाठवायचं. पण चालकाला किंवा कंडक्टरला सांगून, इंजिनपासून लांब ठेवायचं.

निपाणीचा_बॅटरीवाला
मोबाईल चार्जिंगचं काय? फोन बंद पडला तर आईंची तब्येत कळणार कशी? निदान एक पॉवर बँक त्या डब्यातून पाठवा.

खानापूरची_सिस्टर
हे मात्र बरोबर बोललात. आणि कुणी तरी जनरेटर नेलाच, तर पडवीत किंवा बंद खोलीत लावू नका. पाऊस आहे म्हणून लोक आत घेतात, त्या धुराने झोपेतच जीव जातो.

घाटमाथा
बाबांशी बोलणं झालं. इन्सुलिन दुधाळ आहे, फिरवल्यावर एकसारखं होतं. कागदावर चार आठवडे लिहिलंय. बाटल्या देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या, तारीख घातली. ताई, तुमचे खूप आभार. जेवण कमी जात असेल तर डोस तेवढाच द्यायचा का?

खानापूरची_सिस्टर
डोसचं स्वतःच्या मनाने काही ठरवायचं नाही. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, कमी जेवताहेत हे नक्की सांगा. तोवर हाताशी साखर किंवा गूळ ठेवायला सांगा. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर लगेच साखरपाणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करून उचलून काठावर आणायचं. शेजारच्या त्या पोराला आणि मामांना दोघांनाही हे आत्ताच सांगून ठेवा.

बापटगल्ली
जनरेटर पाहिजेच असेल तर अनगोळला एक ओळखीचे आहेत, लग्नाला भाड्याने देतात. विचारू का?