मदत हवी आहे: जास्वंदीची एकही कळी उमलत नाहीये

गॅलरीतली_माळीण: तीन आठवडे झाले, कळ्या लागतात, फुगतात, पिवळ्या पडतात आणि देठासकट गळतात. आज सकाळी सात उचलल्या. शेंड्यांना कापसासारखं पांढरं चिकटलंय. ताक घालून झालं, राख टाकून झाली. विषारी औषध अजिबात मारायचं नाहीये. फुलं देवाला जातात आणि घरात दोन वर्षांची मुलगी आहे, दिसेल ते तोंडात घालते. गणपती तोंडावर आलेत. लवकर सांगा!

काळीमाती: ताई, कुंडी केवढी? ऊन किती तास? पाणी कधी, किती? माती कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीत. कापूस म्हणजे मिलीबग, रस शोषणारी कीड, आम्हा द्राक्षवाल्यांचा जुना वैरी. पण तीन आठवडे सगळ्याच कळ्या गळतायत म्हणजे एकट्या त्याचं काम वाटत नाही.

गोमय: एवढं खोलात कशाला? जीवामृत द्या. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. दिंडोरीच्या मळ्यात आठ वर्षं बाहेरचं खत आणलेलं नाही.

निंबोळी: काका, 200 लिटरचा ड्रम गॅलरीत ठेवायचा कुठे? आणि जीवामृतानं माती सुधारेल, मिलीबग मरणार नाही. त्याच्या अंगावर मेणचट थर असतो. आधी जुन्या टूथब्रशने खरवडून काढा, फार माखलेले शेंडे कापून टाका. मग लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, नीट घुसळून पानांच्या खालून फवारा. ऊन उतरल्यावरच, नाहीतर पानं करपतात. अंडी त्यानं मरत नाहीत, म्हणून दर आठवड्याला, तीन-चार वेळा. मुंग्या आहेत का? मिलीबग जो गोड चिकट रस सोडतो त्यासाठी त्या त्याला सांभाळतात.

गोमय: विसावा भाग करा की. 10 लिटरची बादली, अर्धा किलो शेण, 100 ग्रॅम गूळ. झाड सशक्त असलं की कीड बसतच नाही.

निंबोळी: माझ्या सशक्त झाडावरही बसली होती. फ्लॅटमध्ये गोमूत्राच्या वासावर सोसायटीची मीटिंग भरेल ते वेगळंच.

जुनं_नाशिक: आपल्या नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद! जास्वंदीपेक्षा गुलाब लावा. मोगरा असेल तर थंडी सरत आली की छाटा, उन्हाळ्यात भरभरून येतो.

गॅलरीतली_माळीण: मोगरा नाहीये माझ्याकडे. कुंडी बारा इंची, पूर्वेची गॅलरी, ऊन दहापर्यंत. माती माहेरची, निफाडची काळीभोर, एक नंबर. पाणी दोन्ही वेळा न चुकता. खाली ताटली आहे, थेंब गळला तरी खालच्या काकू वर येतात. मुंग्या आहेत, पुष्कळ.

काळीमाती: सापडलं. ती माती शेतात एक नंबर, कुंडीत नुसती घातली तर चिखल. भर पावसाळ्यात दोन वेळा पाणी, वर ताटलीत साचलेलं! मुळं गुदमरली की झाड आधी कळ्या टाकतं. कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचला, ताटली रोज ओता. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. माती नंतर बदला: निम्मी हीच, बाकी गांडूळखत, कोकोपीट, थोडी वाळू. आणि एक कळी उभी चिरून बघा. आत बारीक अळ्या असतील तर गळलेल्या कळ्या मातीवर राहू देऊ नका, त्या मातीतच कोषात जातात.

गॅलरीतली_माळीण: चिरल्या, अळी नाही. पण कुंडीचं भोक मुळांनी पार बुजलं होतं. स्क्रूड्रायव्हर घातला तर तांब्याभर काळं, घाण वासाचं पाणी आलं. झाडाचे किती हाल केले मी! मुंग्या शेजारच्या मनीप्लांटवरून येत होत्या, तो हलवला. आज संध्याकाळी फवारते. पाऊस आला तर?

निंबोळी: लगेच धुऊन गेलं तर उद्या संध्याकाळी परत मारा. आणि फवारलेली फुलं, पानं मुलीच्या हाती लागू देऊ नका. निंबोळी तेल असलं तरी लहान मुलाच्या पोटात जाता कामा नये. बाटलीही वरच्या फळीवर ठेवा.