मँचेस्टरच्या पिवळ्या बस

‘महापौर थेट निवडला म्हणून बस सुधारतात का?’ असं कुणी कुणी विचारतं. इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टर या महानगर प्रदेशाचं बघा. १९८६ पासून तिथले बहुतेक मार्ग आणि भाडी खासगी कंपन्याच ठरवत. एका कंपनीचा पास दुसरीच्या बसमध्ये दाखवला की ड्रायव्हर मान हलवणार, आपण पावसात परत थांब्यावर! २०१७ च्या कायद्याने थेट निवडलेला महापौर असलेल्या प्रदेशांना बस स्वतःच्या ताब्यात घ्यायचा अधिकार मिळाला. तिथले थेट निवडून आलेले महापौर अँडी बर्नहॅम यांनी तो वापरला, कोर्टातही टिकवला. सप्टेंबर २०२३ मध्ये बोल्टन-विगन भागापासून या पिवळ्या बसची सुरुवात, जानेवारी २०२५ पर्यंत प्रदेशातले दहाही बरो (पालिका विभाग). म्हणजे निवडणुकीइतकाच हातातला कायदाही महत्त्वाचा. लोकल गाड्या मात्र अजून पूर्णपणे तिथल्या महापौरांच्या अखत्यारीत नाहीत. मला तीच मोठी उणीव वाटते.