फ्रेंच बाटलीवरच्या 'दोमेन'ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न
ओळखीतल्या एका आयातदाराकडे बर्गंडी आणि ल्वारच्या छोट्या फॅमिली इस्टेट्सच्या वाइन नवीन आल्यात, त्या यादीचं मराठी मी करतेय. अर्ध्याअधिक बाटल्यांवर 'दोमेन अमुकतमुक'. इंग्रजीवाले सरसकट इस्टेट लिहून मोकळे होतात, पण मराठीत इस्टेट म्हटलं की आजोबांची इस्टेट आणि त्यावरून भावाभावांतली कोर्टबाजीच आठवते. 'मळा' चालेल का? आणि फॅमिली-ओन्डचं काय करू? 'घरगुती वाइन' म्हणजे तर नाताळात वांद्र्याच्या आंटी बरणीत घालतात ती.

नाशिककर
मळा नको हो. मळा म्हणजे विहीर, पाट, बागायती जमीन. बर्गंडीच्या अपेलेशनच्या (म्हणजे प्रदेशाचं नाव लावायच्या) नियमात वेलींना पाणी द्यायलाच मनाई आहे, पडेल त्या पावसावर भागवायचं, म्हणजे आपल्या हिशोबाने ती जिरायत झाली :) शिवाय द्राक्षमळे पेपरवाले लिहितात, आमच्याकडे निफाड-दिंडोरीला शेतकरी नुसतं 'बाग' म्हणतो. बाग छाटली का, बाग फुटली का, असं.

ल्योनहून
पण दोमेन म्हणजे एक बाग पण नाही ना, तिथेच गोची आहे. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या पोरांना वारसाहक्कात वाटा, त्यामुळे बर्गंडीत पिढ्यानपिढ्या वाटण्या होत होत जमिनीच्या पट्ट्या उरल्यात. क्लो द व्हुजो हे एका भिंतीच्या आतलं साधारण 50 हेक्टरचं रान, त्याचे मालक 80 च्या आसपास! एखाद्याच्या वाट्याला वेलींच्या चार ओळी. मग त्याचा 'दोमेन' म्हणजे काय, तर या गावात दोन ओळी, त्या गावात अर्धा एकर, असं सगळं मिळून पाचदहा हेक्टर. आपल्याकडे सातबाऱ्यावर चार गट नंबर असतात तसंच. सगळ्याचं मिळून शब्द हवा असेल तर 'शेती' म्हणा. "त्यांची शेती कुठे आहे?" मध्ये जी शेती असते ती.

आणि हा नुसता शोभेचा शब्द नाहीये. दोमेन, शातो, क्लो हे शब्द लावायचे तर द्राक्षं त्याच शेतीतली हवीत, बाहेरून विकत घेतलेली चालत नाहीत. शातोला किल्ला लागत नाही, पत्र्याची शेड असली तरी शातो. द्राक्षं किंवा तयार वाइन विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकणारा तो 'नेगोसियाँ', त्याच्या बाटलीवर बहुतेक 'मेझों' असतं, म्हणजे पेढी. यादीत हे दोन्ही इस्टेट झाले तर गिऱ्हाइकाची चक्क दिशाभूल होईल.

मूळ प्रश्न
मग पाठीमागे 'मीझाँ बुतेय ओ दोमेन' लिहिलंय ते बघायचं का?

ल्योनहून
हो, दोमेनवरच बाटलीबंद. पण 'आ ला प्रॉप्रियेते', म्हणजे 'मालकाच्या जागेवर', असेल तर जरा थांबा, ते सहकारी संस्थेने भरलेल्या बाटलीवरही असू शकतं कारण सभासद शेतकरीच संस्थेचे मालक. वाइन वाईट असते असं नाही, फक्त ती एका घरची नसते. शँपेनमध्ये सोपंय, लेबलच्या कोपऱ्यात बारीक दोन अक्षरं असतात, आरएम म्हणजे स्वतः पिकवून स्वतः करणारा, एनएम म्हणजे नेगोसियाँ.

तिसराच कोणी
शातोवरून आठवलं, नारायणगावचं शातो इंदाज! आम्ही सगळे शॅटोच म्हणायचो. आणि वाइनला मराठीत द्राक्षासव का लिहीत नाही कोणी?

नाशिककर
कारण ते औषधाच्या दुकानात मिळतं, जेवणानंतर दोन चमचे.

फॅमिली-ओन्डचं म्हणाल तर 'घराण्याची' बरं वाटतं पण त्यातून लहान असा अर्थ निघत नाही हे लक्षात ठेवा. शँपेनवाले लुई रोडरर, 1776 पासूनचे, तेही एका कुटुंबाचेच आहेत आणि ते काही छोटे म्हणता येणार नाहीत. लहान असेल तर वेगळं 'लहान' लिहा, नाहीतर किती हेक्टर ते सरळ द्या, ते सगळ्यात प्रामाणिक.

मला अडतं ते 'व्हिन्यरों'ला. आपल्याकडे द्राक्ष बागायतदार आहे, तो पिकवतो. वायनरीवाला आहे, तो वाइन करतो आणि बरीचशी द्राक्षं करारावर बागायतदाराकडून घेतो. दोन्ही एकच माणूस करतो त्याला शब्द नाही कारण तसा माणूसच इकडे विरळा.

मूळ प्रश्न
मग असं करते. नावात दोमेन तसंच ठेवते, दोमेन अमुक, आणि खाली एक ओळ: 'स्वतःच्या बागांतल्या द्राक्षांची, स्वतः केलेली आणि भरलेली वाइन'. नेगोसियाँच्या तीनचार बाटल्या आहेत त्यांना ही ओळ लावत नाही, तिथे 'व्यापारी पेढी'. आयातदार कुरकुरणार, त्याला सगळीकडे इस्टेट हवंय.