वाढत्या अंगाचा कपडा : किती मोठा, कधी नवा?
जूनमध्ये गणवेश दोन मापे मोठा घ्यावा का, असा मूळ प्रश्न आहे आणि वर बहुतेकांनी ‘वाढत्या अंगाचाच घ्या’ असे सुचवले आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मुलांची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते, त्यामुळे एक माप मोठे घेतले तरी वर्ष सहसा निघते. दोन मापे मोठ्या शर्टाचे खांदे मात्र दंडावर उतरतात, बाह्या डब्यातल्या भाजीत बुडतात आणि मूल दिवसभर कपडाच सावरत बसते.

लांबी वाढवता येते, खांदा वाढवता येत नाही. म्हणून मी खांद्यात नीट बसणारा कपडा शिवून घेते आणि खाली दोन-अडीच इंच दुमड व बाजूच्या शिवणीत माया (आत सोडलेले जास्तीचे कापड) ठेवायला शिंप्यांना आवर्जून सांगते. गेल्या दिवाळीत मुलीच्या स्कर्टची दुमड उसवली, तेव्हा आतली निळी पट्टी विटलेल्या कापडापेक्षा गडद निघाली. तिला ते फार खटकले, म्हणून जोडावर फीत शिवली.

काखेत काचू लागले किंवा कमरेवर वळ उमटू लागले, की वर्ष संपायची वाट न पाहता कपडा बदलावा. मुलींची झपाट्याची वाढ मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षे आधी सुरू होते, तेव्हा पाचवी-सहावीत जूनमध्ये एकच जोड घेऊन दुसरा दिवाळीनंतर घेणे बरे. बुटांना मात्र वाढत्या मापाचा हिशेब कृपया लावू नका. उभे राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरते.