लाय आणि ले : भूतकाळात गेलं की सगळा घोळ होतो

निळीशाई:
इंग्रजीत लाय (lie) म्हणजे आडवं होणं आणि ले (lay) म्हणजे ठेवणं, इथपर्यंत कळतं मला. पण काल एका ईमेलमध्ये मी 'आय लेड डाऊन फॉर अ व्हाइल' लिहिलं तर एकाने सांगितलं तिथे 'ले' पाहिजे. आता ले तर ठेवण्याचं क्रियापद ना, मग ते इथे कसं आलं? शिवाय लाय म्हणजे खोटं बोलणं पण असतं, त्याचं लाइड होतं, मग आडवं होण्याचं का नाही? पाठ करून करून दमले, कुणीतरी नीट समजावा प्लीज.

अक्षरधन:
सांगणाऱ्याचं बरोबर आहे. ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. आडवं होणं : लाय, ले, लेन. ठेवणं : ले, लेड, लेड. खोटं बोलणं : लाय, लाइड, लाइड. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप, दोन्ही 'ले', घोळ तिथेच आहे.
मला हे सुटलं ते मराठीमुळे. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे आहे ना, पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं आणि बदलतो फक्त आतला स्वर, तशीच ही लाय-लेची जोडी आहे, जुन्या इंग्रजीपासूनची. सिट-सेट तशीच. फॉल-फेल पण, झाड पडलं तर फॉल आणि कुऱ्हाडीने पाडलं तर फेल (नापास होण्यातलं नव्हे, त्याचं स्पेलिंग वेगळं). आणि बघा, फॉलचा भूतकाळसुद्धा फेलच! म्हणजे अगदी हाच घोळ तिथेही आहे, फक्त झाडं पाडण्याबद्दल आपण रोज लिहीत नाही म्हणून जाणवत नाही.
तेव्हा आधी कर्म शोधा. कोंबडी अंडं घालते, गवंडी विटा रचतो, दोन्हीकडे ले, भूतकाळात लेड. कर्म नसेल तर लाय.

रविवार_सकाळ:
मी सोपं करतो, मराठीत भूतकाळात 'ने' लागला की लेड. 'तो आडवा झाला' म्हणजे ही ले डाऊन, 'त्याने पुस्तक ठेवलं' म्हणजे ही लेड द बुक. झालं काम.

अक्षरधन:
बहुतेक वेळा चालेल, पण 'त्याने जरा पाठ टेकली' घ्या, ने आहे, पाठ हे कर्मही आहे, तरी इंग्रजीत ही ले डाऊनच. त्यामुळे कर्म इंग्रजी वाक्यातच शोधावं असं मला वाटतं.

रविवार_सकाळ:
हो, हे लक्षातच आलं नव्हतं.

निळीशाई:
पडणे-पाडणेनी एकदम डोक्यात बसलं, खूप आभार! मग 'पुस्तक टेबलावर पडलं होतं' याचं काय? पुस्तक काही स्वतःहून आडवं होत नाही.

अक्षरधन:
तरी लायच, कारण ते नुसतं तिथे आहे. 'द बुक वॉज लाइंग ऑन द टेबल'. लेइंग लिहिलंत तर पुस्तक काहीतरी ठेवतंय असा अर्थ होईल. गाव डोंगरापलीकडे आहे, यालाही लाइज.
आणि लेड डाऊन लिहिल्याचं वाईट वाटून घेऊ नका, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही सर्रास असं बोलतात. 'ले डाऊन' भरभर म्हणून बघा, डाऊनमधला ड आधीच्या ले ला चिकटतो आणि कानाला लेड डाऊनच ऐकू येतं.